ओतून दिलेलं पाणी

पाणी मागून पाणी न पिणारा माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

वैशाखातली दुपार. आमच्या गावची विहीर चोपड्याच्या रस्त्याला लागून, केळीच्या बागेच्या बांधावर. मी घागर उचलणार तोच एक सायकलवाला थांबला. खाकी कोट, टोपीखालून निथळणारा घाम आणि पापण्यांवरसुद्धा धूळ.

"थोडं पाणी मिळेल का?"

मी घागर कलती केली. त्याने ओंजळ पुढे केली आणि पाणी पडायच्या आत मागे घेतली.

"उकळलेलं आहे का?"

"विहिरीवर उकळलेलं कुठून आणू? चूल पदरात बांधून फिरते का मी?"

तो हसला. उन्हाने ओठ फुटले होते, तरी हसला, आणि तहानलेला तसाच राहिला. मला राग आला. रागासोबत आणखीही काहीतरी आलं, पण त्याचं नाव मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

त्याचं नाव मात्र लगेच कळलं. पंडित. मूळचा धुळ्याचा, जळगावच्या लोकल बोर्डात नोकरीला. एरवी पोरांना देवी टोचायचा, पण त्या वर्षी तापीकाठच्या गावांत पटकी शिरली होती, म्हणून विहिरी-विहिरींत औषध टाकत फिरत होता. त्याने पिशवीतून जांभळे खडे काढले, बादलीत विरघळवले आणि आत ओतले. बघता बघता आमची विहीर गुलाबी झाली.

"रंगपंचमी होऊन गेली की," मी म्हणाले.

"पुढच्या रंगपंचमीला सगळे असावेत, म्हणून टाकतोय."

माझं हसू तिथेच थांबलं. त्या दिवसापासून पहाटे जाग आली की मी आधी कानोसा घ्यायची, कुठल्या घरातून रडणं तर येत नाही ना. पटकी सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी नेते, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. आता ती दोन कोसांवर होती.

औषधाचा जोर थोडे दिवसच टिकतो, म्हणून पंडितला पुन्हा पुन्हा यावं लागे. आणि मी… मी तो यायच्या दिवशी पाणी उकळून, निववून, लोट्यात भरून विहिरीवर नेऊ लागले.

माय चुलीजवळ येऊन बघायची. "कोनासाठे उकळी ऱ्हायनी इतलं पानी? लाकडं काय फुकट येतस?"

"घरासाठे," मी म्हणायची. ते खोटं नव्हतं, कारण उरलेलं घरीच पीत होतो.

एकदा विहिरीच्या काठावर बसून तो लोट्यातलं पाणी पीत होता. मी विचारलं, "हा रोग येतो तरी कसा? वाऱ्यावर?"

"नाही. तो एकाच्या पोटातून निघतो, पाण्यात उतरतो आणि दुसऱ्याच्या पोटात जातो. पाण्याला ना वास येतो, ना रंग बदलतो. दिसायला अगदी गोड, थंडगार."

"म्हणजे रोगाला पाय असतात म्हणायचे."

"पाय नसतात, म्हणून तर तो आपले हात वापरतो." त्याने माझ्या हातांकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ. "आजाऱ्याचे कपडे कुणाला विहिरीवर धुऊ देऊ नका. तेवढं तुमच्या हाती आहे, झुंबर."

त्याने माझं नाव पहिल्यांदाच घेतलं होतं. मी घागर अर्धीच भरली आणि घरी आले.

पुढच्या खेपेला तो नुसताच सायकलची घंटी चाचपत उभा राहिला. "तुमच्या हातचं हे पाणी… मी जन्मभर प्यायला तयार आहे."

"मग मला काय सांगता?" माझा आवाज मलाच ओळखू येईना. "तुमच्या वडीलधाऱ्यांना सांगा."

त्याला आईवडील नव्हते. चुलत्यांनी, रुपचंद आबांनी त्याला वाढवलं होतं. आबांनी मुलगी बघायला येण्याचा निरोप धाडला. नाना, म्हणजे माझे वडील निंबा पाटील, दोन दिवस मिशांतल्या मिशांत हसत होते.

आबा यायचे त्या दिवशी मी पहाटे पाण्याला गेले, तर विहिरीच्या काठावर शेजारची बेबाबाई धोतर धूत होती. धोतराचं पाणी वाहत सरळ विहिरीत उतरत होतं. तिचे डोळे सुजलेले.

"कोनले सांगू नको वं," ती म्हणाली. "रातपासून त्यासना पोटमा पानी ठरत नही. गावना लोके उठाना पह्यले धुई टाकस."

आजाऱ्याची घाण घरात ठेवू नये, उजाडायच्या आत धुऊन टाकावी, ही आमच्याकडची रीतच. बिचारी स्वच्छता करत होती. मी तिला तिथून उठवलं आणि रिकामी घागर घेऊन परतले. कालचं उकळून ठेवलेलं थोडं पाणी होतं, ते पुन्हा चुलीवर चढवलं. मायला बजावलं, आज विहिरीचं पाणी आणू नको. नानांना बेबाबाईचं सांगितलं, तर ते म्हणाले, "आज तोंड उघडू नको. पटकीना गावमान पोर कोन करी?"

आबा धुळ्याहून मोटारीने चोपड्याला आले आणि तिथून बैलांच्या दमणीने आमच्याकडे. मी आत लुगडं नेसत होते, मोठा अंबाडा घालत होते. बाहेर सतरंजी पडली. आमच्याकडे पाहुणा टेकला की शब्द निघायच्या आधी पाण्याचा तांब्या पुढे येतो. मायने तो माझ्या हाती दिला आणि मी पदर सावरत बाहेर नेऊन आबांपुढे धरला. आबांनी घेतला. माझ्या बोटांना मात्र गारवा तसाच राहिला होता.

आमचा माठ सकाळी कोरडा होता.

मी वळून मायकडे पाहिलं. दाराआडून ती कौतुकाने हसत होती. पाहुण्यांना कोमट पाणी कसं द्यायचं, म्हणून तिने स्वतः जाऊन माठ भरला होता.

आबांनी तांब्या ओठांना लावला. मी तो त्यांच्या हातातून काढून घेतला आणि अंगणात ओतून दिला.

पाणी तापलेल्या मातीत क्षणात जिरलं.

"हे पाणी नका पिऊ, आबा," मी म्हणाले. "चुलीवरचं देते. बेबाबाईच्या घरी…"

"झुंबर!" नाना उठले. अपमानाने त्यांचा चेहरा काळा पडला होता. ते तडक माठाकडे गेले. "आमना गावमा काहीच नही शे. हाई देखा, मी पेस." मी धावेपर्यंत त्यांनी गटागटा अख्खा तांब्या रिकामा केला.

आबांनी पागोटं सारखं केलं. "जठे पाव्हनाले पानी भेटत नही, तठे काय बोलनं?" असं म्हणून ते तहानलेलेच उन्हात निघून गेले.

नाना माझ्याशी बोलेनात. मला त्याचं दुःख नव्हतं. मी फक्त त्यांच्याकडे बघत होते… जेवले का, झोपले का, चालताना पाय लटपटतात का. बेबाबाईचा नवरा दुसऱ्या दिवशी गेला. त्याला पोहोचवून लोक परतले, तेव्हा नाना ओसरीवर पोट धरून बसले होते.

मी डॉक्टरांसाठी चोपड्याला माणूस पिटाळला. दिवस मावळायच्या आत टांगा आला. त्यात डॉक्टर होते आणि पंडित होता. डॉक्टरांनी नानांच्या शिरेत सुई घालून खारं पाणी सोडलं. पंडितने नानांचे कपडे जाळले, चुना आणि फिनेल टाकलं, भांडीकुंडी उकळायला लावली.

"आबा म्हणाले, पाणी ओतून देणारी मुलगी घरात आणायची नाही," तो हळूच म्हणाला.

"मग तुम्ही कशाला आलात?"

"मी मुलगी बघायला आलोच नाही. पटकी बघायला आलोय."

"बघून झाली की जाल…"

"पटकी जाईल. मी नाही."

एवढ्या भीतीतसुद्धा मला रडू आलं ते त्या एका वाक्याने. नानांचे डोळे खोल गेले होते, हात थंड होते. पंडित एका बाजूला बसला, मी दुसऱ्या बाजूला, आणि आम्ही चमच्या-चमच्याने त्यांना पाणी पाजत राहिलो. नानांनी दुसऱ्या सकाळी डोळे उघडले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "माठ फोडी टाक वं."

आषाढ लागला. पटकी ओसरली. एका दुपारी दारात दमणी थांबली आणि रुपचंद आबा उतरले. पाठीमागे पंडित, मान खाली घालून. नाना काठी टेकत सामोरे गेले.

आबा सतरंजीवर टेकले. "पोरी, पानी दे," ते म्हणाले. "गरमच दे."

मी चुलीवरचं पाणी तांब्यात ओतून आणलं. वाफ निघत होती. आबांनी उपरण्याने तांब्या धरला, फुंकर घातली, घोट घेतला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"त्या दिन तू पानी ओतं," ते नानांच्या काठीकडे बघत मला सावकाश म्हणाले, "म्हनीसन मी आज आठे बठेल शे." मग पंडितकडे हनुवटी केली. "हाऊ म्हने, हाई पानी मी जलमभर पेसू. त्यानी जीभ लोखंडनी व्हई."

पंडितने मान वर केली. मी दाराच्या चौकटीला घट्ट धरून उभी होते.

आबांनी तोंड पुसलं आणि रिकामा तांब्या पुन्हा माझ्यापुढे धरला.