कळशीवरचं माहेर

दिवा राहू द्या. लाईट आली तरी मी तो विझवत नाही, घरात आता सगळ्यांना सवय झाली आहे. परात इकडं सरकवा, उजेडात. जुन्या भांड्यांवरची तुटकी अक्षरं वाचायला गावातले लोक माझ्याकडंच येतात. कुणाच्या आजीच्या तांब्यावर 'मौ. पिं. बु.' असतं. भांड्याचा गळा तो केवढा, त्यावर कासार 'मौजे पिंपळगाव बुद्रुक' कुठून ठोकणार? मी दूध सहकारी संस्थेत लिहायला होते. आख्ख्या गावाची नावं अर्धी लिहिण्यात वर्षं गेली, म्हणून ही विद्या आली. वंशावळीत बापाचं नाव असतं, आजोबाचं असतं. बाई कुठून आली, हे तिच्याबरोबर आलेल्या भांड्यालाच विचारावं लागतं.

पण भांड्यावर शेवटी 'बे.' असेल, तर मी वाचत नाही. का, ते ऐकायचं असेल तर बसा.

तेरा सालचा दुष्काळ तुम्हाला आठवत असेल. जनावरं सोसायटीच्या चारा छावणीत गेली होती आणि डेअरीत दूध असं आटलं होतं, की माप घालायला मी आणि बघायला माश्या. घरी सासूबाई होत्या, तुळजाबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. ऐंशीच्या आसपासच्या, अंगानं काडी, तोंडानं फटकळ. त्यांना माहेर नव्हतं. म्हणजे आई-बाप वारले होते असं नाही, माहेर कुठलं हेच ठाऊक नव्हतं. निजामाच्या राज्यात, असाच एक दुष्काळ पडला असताना, पटका बांधलेला एक माणूस लहान पोरीला बोटाशी धरून आमच्या दारात आला. पोर आणि एक पितळी कळशी ओसरीवर ठेवली, 'पाऊस पडला की न्यायला येतो' म्हणाला आणि गेला. तो काही आला नाही. पोर घरातच वाढली आणि पुढं घरातल्याच मुलाला दिली.

नागपंचमीला सगळ्या लेकीसुनांना न्यायला मुराळी यायचे, कुणाचा भाऊ, कुणाचा भाचा. आत्याबाई उंबऱ्यात बसून दुसऱ्यांचे मुराळी बघायच्या. माझाही भाऊ यायचा गेवराईहून. आधी वडील गेले, मग आई गेली, आणि त्याचं येणं कमी होत होत थांबलं. मी त्याबद्दल कधी बोलले नाही. आत्याबाईंच्या नजरेतून मात्र ते सुटलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात त्यांचं जेवण तुटलं. एके दिवशी त्यांनी ती कळशी माझ्यापुढं आणून ठेवली.

"केसर, तू समद्या गावाची भांडी वाचतीस. माझंच कावून वाचत न्हाईस? मरायच्या आदुगर एकडाव माहेर बघू दे मला."

कळशीच्या गळ्याला ठिपक्याठिपक्यांनी ठोकलेलं होतं: 'तुळजा. ता. पा. मौ. धा. बे.' तालुका पाटोदा, हे उघड होतं. मौ. म्हणजे मौजे. घोडं अडलं होतं ते पुढच्या दोन अक्षरांवर. मामंजींनी तरुणपणी पाटोद्याकडची 'धा'ची आणि 'बे'ची सगळी गावं पालथी घातली होती. कुठंच कुणी कळशी ओळखली नाही.

छावणीत बैल बांधलेले एक सुंदरआप्पा होते, पाटोद्याकडं तलाठी म्हणून उभी नोकरी केलेले. दुपारी सावलीला डेअरीत येऊन बसायचे. मी त्यांच्यापुढं कळशी ठेवली. त्यांनी चष्मा लावला आणि चहाचा घोट घेत सहज सांगितलं.

"धा. म्हंजी धावडी. आन् बे. म्हंजी बेचिराग."

"म्हंजी काय, आप्पा?"

"गाव नकाशात असतंय, शीव असती, जमिनीला नंबर असत्यात. पर वस्तीला माणूस न्हाई. चिराग न्हाई, दिवा न्हाई. निजामाच्या दप्तरात असल्या गावाफुडं बे. लिवायचे. धावडी पलेगात उठली. माझ्या आज्याच्या वक्ताला."

मग त्यांनी कळशी फिरवून पुन्हा बघितली आणि आवाज खाली आणला.

"पर केसरबाई... लेकीला भांडं देणारा आपल्याच गावाफुडं बेचिराग कावून घालंल? आन् गाव जर आज्याच्या वक्ताला उठलं... तर ही म्हातारी तिथनं आली कशी?"

उरलेला चहा त्यांनी घेतला नाही. भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू? पण आत्याबाईंचं तोंड डोळ्यांपुढं येत होतं. मी त्यांना अर्धंच सांगितलं. गाव सापडलं आहे, पण उठलेलं आहे, तिथं कुणी दिवासुद्धा लावत नाही.

"मग आपुन लावू की," आत्याबाई म्हणाल्या.

दुधाचा टेम्पो पाटोद्याकडं जायचा, तोही त्या वर्षी अर्धा रिकामाच. उत्तरेश्वर ड्रायव्हरनं आम्हाला माळावरच्या फाट्याला सोडलं. आत्याबाईंच्या काखेत कळशी, माझ्या पिशवीत पणती, तेल, वात आणि कनवटीला काडेपेटी.

"सांज व्हायच्या आत यितो, काकू," तो म्हणाला. "माघारी हितंच यिऊन थांबा. तिकडं मेंढपाळ बी जात न्हाईत."

धावडी म्हणजे दगडांच्या ओळी. घरं केव्हाच बसली होती, भिंतींचे पायथे तेवढे उरले होते, पण गल्ली कुठून कुठं जात होती ते कळत होतं. बारव कोरडी ठणठणीत. वारा पडलेला. बाभळीवर पाखरू नव्हतं. आमच्या चपलांचा आवाज मला मोठा वाटायला लागला, म्हणून मी हळू चालायला लागले. आत्याबाई मात्र पुढं होत्या. घरी उंबरा ओलांडताना भिंत धरणारी बाई तिथं कुठंही न अडखळता चालली होती.

आधी वास आला. ताज्या सारवणाचा. त्या वर्षी प्यायला पाणी नव्हतं, अंगण कोण सारवतंय? म्हणून तो ओला वास मला लगेच ओळखू आला. मागोमाग तव्यावर भाकरी पलटल्याचा वास आला. मी चहूकडं बघितलं. धूर नव्हता, माणूस नव्हतं, नुसतं ऊन होतं.

आणि मग आवाज.

टक... टक... टक...

बारीक, सावकाश, जरा थांबून पुन्हा. बाजारात कासार भांड्यावर नाव घालतो, तेव्हा येतो तसा.

"आत्याबाई... ऐकू येतंय का?"

"येतंय की. कुणाचं तरी काम चाललं असंल."

एका जोत्यापाशी त्या थांबल्या, चपला काढल्या आणि पदर सावरून आपल्या घरी बसावं तशा बसल्या. तेल-वात घालून मी पणती त्यांच्यापुढं ठेवली आणि तिला आडोसा हवा म्हणून खापरं शोधायला बारवेकडं गेले. काडेपेटी माझ्या कनवटीला होती, हे नीट लक्षात ठेवा. मी दोन खापरं उचलली आणि मागचा आवाज थांबला. एकदम. तो चालू होता तेव्हा वाटली नव्हती, इतकी भीती मला तो थांबल्यावर वाटली.

परत आले तर पणती लागलेली होती.

आत्याबाईंच्या कपाळावर कुंकू होतं. ठसठशीत, आडवं. मामंजी जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, ते कपाळ मी मोकळंच बघत आले होते. त्यांचा पदर भरलेला होता. जोंधळे, खोबऱ्याची वाटी, सुपारी आणि पानासकट उपटलेलं ओलं हळकुंड, त्याला चिखल लागलेला. विधवेची ओटी कुणी भरत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

"आत्याबाई... वटी कुणी भरली?"

"भावजयीनं."

"कुठं हाय ती?"

"आत गेली."

जोत्याला आत नव्हतंच काही. मागं नुसता माळ होता.

"आन् हे कुकू...?"

"त्यास्नी ठावं न्हाई तुजे मामंजी गेल्यालं. मी बी सांगितलं न्हाई." त्यांनी पदराची गाठ घट्ट केली. "पयल्यांदा माहेरी आले, तवा रडगाणं कशाला?"

त्या हसत होत्या. इतक्या सुखात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मला वाईट वाटलं, बरंही वाटलं, आणि तिथून पळत सुटावंसंही वाटलं.

मी त्यांना उठवलं. फाट्याकडं चालताना आत्याबाई लेक माहेरून निघते तशा पुन्हा पुन्हा वळून बघत होत्या.

"पंचमीला मुराळी धाडत्यात," त्या म्हणाल्या. "आन् तुजं बी नाव इचारलं."

"माजं कावून?"

"कळशीवर घालाया. मी सांगितलं." मग अगदी मायेनं माझ्या पाठीवर हात ठेवला. "तुला तरी आता कोण न्हेतंय, केसर?"

आमच्या मागं, दगडांच्या ओळींकडून, पुन्हा सुरू झालं. टक... टक... टक...

पंचमीपर्यंत आत्याबाई दोन वेळा जेवत होत्या. सणाच्या सकाळी त्यांनी न्हाऊन घेतलं, ठेवणीतलं लुगडं नेसल्या, गाठोडं बांधलं आणि कळशीशेजारी उंबऱ्यात बसल्या. मी बायकांबरोबर वारुळाला गेले. परत आले तेव्हा त्या तशाच बसलेल्या होत्या. गाठोडं मांडीवर, नजर वाटेवर, अंग गार.

शेजारची छबुबाई दळण निवडत बाहेरच बसलेली होती. दिवस घालून झाल्यावर तिनं मला बाजूला घेतलं.

"केसर, त्या दिशी तुज्याकडं पावणा आलता का गं? पटकेवाला?"

"कावून?"

"न्हाई... आला तवा एकलाच हुता. माघारी जाताना संगं बारकी पोर हुती. त्याचं बोट धरून उड्या मारीत चाललती. मला वाटलं, तुमच्यातलीच कुणाची असंल."

कळशी मी मोडीत घातली नाही. एखाद्या बाईचं माहेर मोडीत कसं घालायचं? पुढल्या पंचमीला चिंच लावून घासायला घेतली, तर 'तुळजा'च्या खाली एक नवं अक्षर होतं. ठिपके ताजे, पितळ आतून पिवळंधमक. 'के'. त्याच्या पुढल्या वर्षी 'स' आला. मग 'र'. पेटीत घालून कुलूप लावून पाहिलं, कळशी डेअरीत नेऊन ठेवून पाहिली. पंचमीच्या आदल्या दिवशी ती जिथं असेल तिथं टकटक होते, आणि सकाळी एक अक्षर वाढलेलं असतं. पाटोदा झालं, मौजे झालं, धावडी झाली. गेल्या साली 'बे' उमटला. आता त्याच्यापुढचं टिंब तेवढं राहिलं आहे.

म्हणून हा दिवा. माझ्या घराला तरी बेचिराग कुणी म्हणू नये.

तुमच्या परातीवर तसलं काही नाही, मी मघाशीच बघून घेतलं. खुशाल वापरा. भीती वाटते का म्हणाल, तर वाटते. पण काल कपाट आवरताना मला माझी एक पिशवी सापडली. दोन बऱ्या साड्या नीट घडी करून ठेवलेल्या, वर फणी, करंडा. पंचमी जवळ आली की बाई माहेरी जायला भरते, तशी भरलेली. ती मी कधी भरली, मला आठवत नाही. तळाशी हात घातला, तर बोटांना चिखल लागला. ओलं हळकुंड होतं, पानासकट.