पांढऱ्या तबकडीचं घड्याळ

मोनालीने दुकानाच्या काचेतून आत डोकावलं आणि ती जागच्या जागी थिजली. काउंटरवर कोपर टेकून उभा होता तो मच्छिंद्रच. धामणीचा मच्छिंद्र... उद्या ज्याच्याशी तिचा साखरपुडा होता, तो!

पळावं का? पण पळायचं कशाला! बेल्ह्याहून नारायणगावपर्यंत ती स्कूटीवर आली होती, तोंडाला घट्ट स्कार्फ बांधून. या अवतारात तिला सख्ख्या आईनेही ओळखलं नसतं. छातीतली धडधड तेवढी लपवायची, की झालं.

साखरपुड्यात मुलीकडून नवऱ्या मुलाला घड्याळ द्यायचं, ही त्यांच्याकडची रीत. "तुझ्या पसंतीनं आण गं," असं मामा म्हणाले होते. पसंती! त्याच शब्दाची मोनालीने धास्ती घेतली होती. बघायला आला तेव्हा हा पठ्ठ्या मान खाली घालून मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बसला. एकदा, अगदी एकदासुद्धा त्याने वर पाहिलं नाही. आणि दुसऱ्या दिवशी होकार! घरच्यांनी दटावून वदवून घेतला असणार. थोरल्या ताईचं तसंच झालं होतं. तिचा नवरा आईच्या हट्टापायी बोहल्यावर चढलेला, अजून तिच्याशी धड दोन वाक्यं बोलत नाही.

मोनालीने मनाशी पक्कं केलं होतं... याच्या मनात नसेल, तर आजच मामांना सांगून सगळं थांबवायचं. पण कळायचं कसं? फोन करायचा धीर होत नव्हता. व्हॉट्सॲपवर निदान फोटो तरी बघावा, तर तिथे एक शिंगवाला मेंढा!

ती आत शिरली.

"या ताई. जरा थांबा, ह्या पावण्यांचं बघतो," दुकानाचे मालक इब्राहिमचाचा म्हणाले.

मच्छिंद्रचं घड्याळ कापडावर उघडून ठेवलं होतं. दुधासारखी पांढरी तबकडी, आणि तिच्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली एक बारीक भेग.

"नाय जमायचं, राव," चाचा मान हलवत म्हणाले. "सिरॅमिकची डायल हाय ही. उन्हानं इटत नाय, पिवळी पडत नाय, तुमची पोरं मोठी झाली तरी अशीच चमकंल. पण आपटली की गेली! चिकटवून भागत नाय. नवीनच मागवावी लागंल."

"उद्यापतोर येईल का?"

"पुण्यावरनं? आठवडा तरी धरा."

मच्छिंद्रने कपाळाला हात लावला. "मेलो! दाजींचं घड्याळ हाय ओ, चाचा. मी निसतं मागून घेतलं व्हतं. उद्या साखरपुड्यात समोरच बसनार त्ये."

मोनालीने कान टवकारले.

"बोला ताई, काय दाखवू?"

"नवऱ्या मुलासाठी घड्याळ," ती जमेल तेवढ्या घोगऱ्या आवाजात म्हणाली.

चाचांनी तिच्यासमोर दोन ठेवली. एक निळं, साध्या धातूच्या तबकडीचं. दुसरं पांढरं, सिरॅमिकचं. निळं चांगलंच होतं, पण पांढऱ्यावरून नजर हलेना. किती नितळ... हात लावायचीसुद्धा भीती वाटावी असं.

"पांढरं नका घेऊ," शेजारून आवाज आला. मच्छिंद्र समोरच्या तबकडीतल्या भेगेकडे बघत बोलत होता. "लई नाजूक काम. माजं बघताय ना?"

"कसं काय फुटलं?"

"मुलगी बघाया गेलतो. दारात पाय धुताना भिजू नये म्हनून काढलं, आन् निसटलं फरशीवर. दाजी म्होरं गेलेलं, त्यास्नी दिसलं न्हाई. मंग काय! आत बसलो, पन समदा जीव त्या भेगंत. असा हात झाकून बसलो व्हतो..."

"म्हंजे मुलगी बघितलीच नाय तुमी?" मोनालीचा आवाज चिरकला. घोगरेपणा ती पार विसरली.

मच्छिंद्रने तिच्याकडे पाहिलं आणि झटकन नजर वळवली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"न्हाई बघितली," तो हळूच म्हणाला.

न बघताच होकार! म्हणजे कुणीही चालली असती.

"मग हो कशाला म्हनलात? घरच्यांनी सांगितलं म्हणून?"

"न्हाई..." तो अडखळला. "आमच्या आत्यानं तिला इचारलं, सयपाक येतो का. तर ती म्हनली, मला येतो की, त्यास्नी येतो का? समद्यांची तोंडं बघन्यासारखी झाली! मी खाली मान घालून हसत व्हतो. घरी जाताना म्हनलं, हीच. दाजी म्हनले, तोंडाळ दिसती, इचार कर. म्हनलं, मी हा असा मुका... घरात कुनीतरी बोलनारं पायजेल ना?"

मोनालीला स्कार्फमध्ये श्वास पुरेना.

"आता भ्याव येगळंच हाय," तो काउंटरशीच बोलल्यासारखा म्हणाला. "तिला वाटलं असंल, ह्याच्या मनातच न्हाई. ती नको म्हनली तर? रोज फोन हातात घेतो... आन् ठेवून देतो."

मोनालीने स्कार्फची गाठ सोडायला घेतली. पिन केसांत अडकली. निघाली एकदाची. मच्छिंद्र मात्र दचकला नाही. त्याने नुसता काउंटर घट्ट धरला.

"तुमी... ओळखलं होतं मला?"

"मगाशी ओरडलात ना, तवाच."

"आणि तरी बोलत राह्यलात?"

"त्वांड झाकल्यालं व्हतं म्हनून जमलं," तो पुन्हा खाली बघत म्हणाला. "आता न्हाई जमायचं."

आता खरी भीती तिला वाटली. याने आपल्याला अजून पाहिलेलंच नाही. बघेल, आणि... आपण नाहीच आवडलो तर?

"वर बघा," ती कशीबशी म्हणाली. "काय असंल ते आत्ताच सांगा."

त्याने मान वर केली. बघितलं. बघतच राहिला. बाहेर टोमॅटोच्या गाड्यांचे हॉर्न वाजत होते, चाचा उगाचच एक पुसलेली काच पुन्हा पुसत होते, आणि मोनालीच्या डोळ्यांत विनाकारण पाणी आलं.

"बोला की कायतरी!"

"काय बोलू..." त्याचं हसू कानापर्यंत गेलं. "आता डोळं मिटलं तरी तुमीच दिसनार."

ती पटकन चाचांकडे वळली. गाल तापले होते.

"आन् दाजींना काय सांगू ओ?" मच्छिंद्रने विचारलं.

"मी सांगते. तोंडाळ आहेच मी! चाचा, यांच्यासाठी ते पांढरंच द्या."

"बघा बरं, ताई," चाचा म्हणाले. "पडलं तर माझ्याकडं इलाज नाय."

"पडलं तर नवी डायल टाकायला आमी दोघं येऊ," ती बोलून गेली. आणि मग तिच्या लक्षात आलं, की आपण 'आमी दोघं' म्हणालो.