एकेचाळीस मिलिमीटर

पिवळी प्लास्टिकची बादली. कडी तुटलेली, तिच्या जागी सुतळी.

स्प्रिंगची तार, पाऊण मिलिमीटर जाडीची.

"हत्यार सदैव भरलेले ठेवावे. रिकामे आढळल्यास कारवाई केली जाईल." खाली गोल शिक्का आणि वळणदार सही.

लोणावळ्याच्या वाटेवर कार्ल्याच्या खाचरांत भात पोटरीला आलंय, लोंब्या अजून आत.

अंगठ्यावर पडलेली पन्हळ.

दुपारचे सव्वातीन.

हे तुकडे मी सात महिने जमवत आले. आता सरळ सांगते.

मी ज्योत्स्ना. सुदुंबऱ्याजवळच्या एका कारखान्यात चौदा वर्षं स्प्रिंगा तपासते. दिवसाला चारशे स्प्रिंगा माझ्या हाताखालून जातात. किती दाबली, किती जोराने परत आली, सोडल्यावर किती उंच उभी राहिली, एवढंच बघायचं. माझा कशावर विश्वास आहे असं कुणी विचारलं, तर मी मोजमापाचा व्हर्नियर दाखवते.

माझे वडील, केरबा. आम्ही त्यांना आबा म्हणतो. सैन्यातून निवृत्त झाल्यावर लोणावळ्यात वरच्या अंगाला असलेल्या बंगल्यांच्या एका वसाहतीत ते गनमन म्हणून लागले. पिस्तूल स्वतःचं, परवानाही स्वतःचा, पगार सिक्युरिटी एजन्सीचा. गेटवर पप्पू असायचा. नाव पोरासारखं, पण गडी चाळिशीचा, आंदर मावळातला, दोन मुलींचा बाप. आबांपेक्षा पंचवीस वर्षांनी लहान असून त्यांची यथेच्छ थट्टा करायचा.

एजन्सीचा तो कागद वरती दिलाच आहे. त्यामुळे अकरा वर्षं आबांची दोन्ही मॅगझिनं भरलेली असायची, प्रत्येकी आठ गोळ्या. वर्षातून एकदाच ती रिकामी व्हायची. खंडेनवमीला एजन्सीच्या ऑफिसात सगळ्यांची हत्यारं मांडून झेंडू वाहायचे. आबा फुलं वाहत नसत. त्या दिवशी ते मॅगझिनं रिकामी करून आतून पुसत, हलका तेलाचा हात देत. भरायची वेळ आली की पप्पू मध्ये पडायचा. आबांच्या अंगठ्याचा सांधा दुखतो हे त्याला ठाऊक होतं. शेवटची गोळी खालच्या स्प्रिंगविरुद्ध फार जोर लावून दाबावी लागते. ती दाबून झाली की अंगठा सगळ्यांना दाखवायचा, "बघा आबा, पन्हळ पडली. आता पाणी सोडा यातनं." गोळीच्या रुंदीची आडवी खाच असायची ती. तासाभरात भरून यायची.

फेब्रुवारीत एका दुपारी सव्वातीनला तिघे जण बंद बंगल्यात शिरायला आले. पप्पूने गेटवर अडवलं. त्यांच्यातल्या एकाने कोयता चालवला. आबा तिथून पस्तीस पावलांवर होते. त्यांनी पहिली गोळी हवेत झाडली. दुसऱ्यांदा चाप ओढला तेव्हा नुसता टिक असा आवाज आला. मॅगझिनमधली पुढची गोळी वर आलीच नव्हती. तिघे पळाले. पप्पू गेला.

एजन्सीचे कैलाससाहेब चौकशीला आले आणि दोन पानांचा अहवाल लिहून गेले. त्यातलं एक वाक्य मला पाठ आहे. "मॅगझिन वर्षानुवर्षे भरून ठेवल्याने स्प्रिंग थकली, गनमनच्या या निष्काळजीपणामुळे दुसरी गोळी सुटली नाही, अन्यथा रखवालदार वाचला असता."

भरून ठेवा म्हणून शिक्का मारणारे हेच. भरून ठेवलं म्हणून दोष देणारे हेच. वर त्या अहवालाची प्रत त्यांनी पप्पूच्या आईला, धोंडाबाईला पाठवली. आबा तिला भेटायला आंदर मावळात गेले, तर ती दारातूनच म्हणाली, "तुमी माज्या पोराला मारलंत, केरबाभाऊ." आबा बस नसताना चौदा किलोमीटर चालत परत आले. नंतर त्यांनी पप्पूचं नाव एकदाही घेतलं नाही.

आणि ते वाक्य धादांत खोटं आहे. दाबून ठेवलेली स्प्रिंग थकत नाही. थकते ती पुन्हा पुन्हा दाबून सोडलेली. सोसेल तेवढीच दाबली असेल तर सुरुवातीला ती थोडी खाली बसते, मग वर्षानुवर्षं तिथंच राहते. माझ्या कारखान्यातला नवा शिकाऊसुद्धा हे सांगेल.

पोलिसांकडून हत्यार परत मिळालं तसं आबांनी ते काडतुसांसकट बंदुकांच्या परवानाधारक दुकानात जमा केलं. त्याआधी दोन्ही मॅगझिनांच्या स्प्रिंगा काढून माझ्या हातावर ठेवल्या. एक पिस्तुलात असायची ती, दुसरी जादाची. एकाच दिवशी घेतलेल्या, अकरा वर्षं सारख्याच दाबलेल्या. इतका चांगला पुरावा शोधूनही मिळाला नसता.

जादाची स्प्रिंग उंचीला एकशे सहा मिलिमीटर भरली. दुकानातून मागवलेली नवी, एकशे नऊ. अकरा वर्षांत तीन मिलिमीटर. मी मनात कैलाससाहेबांना चार शब्द सुनावले.

मग पिस्तुलातली घेतली.

एकेचाळीस.

ती मेली असेल, असं आधी वाटलं. पण तिच्यावर सात गोळ्या असताना ती नेमकी किती उरते याचा मी हिशेब केला. एकेचाळीस. एक गोळी सुटल्यावर, सात वर असताना ती जशी होती तशीच माझ्या टेबलावर उभी होती. वर काहीच नव्हतं.

दाब मोजणाऱ्या लोड टेस्टरवर ठेवली. वरची प्लेट अजून चार बोटं लांब होती, तरी यंत्राने एक किलो नऊशे दाखवलं. स्प्रिंगचं स्वतःचं वजन सात ग्रॅम. मी यंत्र शून्यावर आणलं, पुन्हा ठेवली. तेच. शेजारचं यंत्र घेतलं. तेच.

शंभर ग्रॅमचा आकडा स्थिर नव्हता. नऊ, आठ, नऊ, आठ. घड्याळ लावून मोजलं. मिनिटाला बहात्तर वेळा.

भर दुपार होती, शेजारी प्रेस धडधडत होते, जेवणाच्या सुट्टीतले लोक हसत होते. मी स्प्रिंग डब्यात ठेवली आणि हात धुतले.

घरी आबांना आकडे सांगितले. त्यांनी डबा उघडून पाहिला, झाकण परत लावलं. तुमच्यावर ठपका आहे, तो आपण पुसायचा, असं मी पुन्हा पुन्हा सांगत राहिले.

"लिहू दे त्यांला," आबा म्हणाले.

"का लिहू दे?"

"दुसऱ्या टायमाला म्या चाप वढला, तवा समोर सरुबाई हुती."

सरुबाई म्हणजे बंगल्यांची साफसफाई करणारी बाई. पहिला आवाज ऐकून ती बादली हातात घेऊन मधल्या दारातून धावत बाहेर आली, ती नेमकी आबा आणि कोयतेवाल्याच्या मध्ये. आबांना ती दिसली, पण बोट थांबलं नाही.

"पिवळी बादली दिसली मला," ते म्हणाले. "तरी वढला. गोळी आली न्हाई म्हनून ती बाई आज जिती हाय. मंग मी कुठल्या तोंडानं भांडू?"

मी डबा पिशवीत ठेवला. पण राग गेला नाही. सरुबाई वाचली हे खरं, आणि स्प्रिंग थकली हे खोटं. एका खऱ्याने दुसरं खोटं झाकलं जात नाही. धोंडाबाईच्या घरात तो कागद अजून होता.

दुसऱ्या दिवशी मी आबांना घेऊन लोणावळ्यात एजन्सीच्या ऑफिसात गेले. गॅरेजच्या वर एक खोली. कैलाससाहेबांनी चहा सांगितला. स्प्रिंग थकते हे तुम्हाला कुणी सांगितलं, असं मी विचारलं. सगळेच म्हणतात, मोबाइलवरही आहे, असं ते म्हणाले. मी तिन्ही स्प्रिंगा टेबलावर उभ्या केल्या.

त्यांनी बुटकीकडे बोट केलं. "मॅडम, पुरावा तर तुम्हीच घेऊन आलात."

माझा आवाज चढला. तुमचा शिक्का, तुमची सही, तुमचाच हुकूम, आणि निष्काळजी आमचा माणूस? ते फाईल चाळत राहिले. शेवटी मी म्हटलं, "थकलीय ना? मग अंगठ्याने दाबून बघा."

त्यांनी हसत अंगठा टेकवला.

हसू गेलं. हात झटकन मागे आला. त्यांनी अंगठा पॅन्टला पुसला, पाहिला, पुन्हा पुसला.

"इथं आधीच कुणाचा तरी..." ते म्हणाले.

आबा खुर्ची सरकवून पुढे आले. गेटवर रेंगाळणाऱ्या माणसाशी बोलावं तसे, जरा वैतागून बोलले.

"पप्प्या, सोड आता. सरुबाई गेली घरला. डुटी संपली."

खाली गॅरेजमध्ये कुणीतरी पाना टाकला.

स्प्रिंग उघडली.

झटक्याने नाही. स्प्रिंग अशी कधीच उघडत नाही. कुणी सावकाश अंगठा उचलावा, तशी.

मी व्हर्नियर कैलाससाहेबांच्या हातात दिला. त्यांनीच मोजली. एकशे सहा.

त्यांनी नवं पत्र स्वतः टाइप केलं. "स्प्रिंग सुस्थितीत. हत्यार नियमाप्रमाणे राखलेले. गनमनचा दोष नाही." गोळी का आली नाही, ती जागा कोरी सोडली. मी हट्ट धरला नाही.

रविवारी आबा पत्र घेऊन आंदर मावळात गेले. धोंडाबाईच्या नातीने ते वाचून दाखवलं. धोंडाबाईने कागदाची घडी घातली, मग म्हणाली, "भाऊ, आत या." आबा संध्याकाळच्या बसने परतले. बुटाला चिखल नव्हता.

फेब्रुवारीतल्या त्या दुपारी पोलिसांनी गेटवर पप्पूचा पंचनामा केला. त्याच्या दुसऱ्या पानावर नोंद आहे: उजव्या अंगठ्याच्या पेरावर तेल, आणि आठ मिलिमीटर रुंदीची आडवी खाच, ताजी.