गायधनींचं नॅट

रविवारी दुपारी जेवण आटोपून निसार सय्यद गंगापूर रोडला सुमनबाई गायधनींना आणायला गेला. बाई व्हरांड्यात तयारच बसल्या होत्या. अबोली साडी, कपाळावर ठसठशीत कुंकू. एकाहत्तरच्या युद्धात त्यांच्या वैमानिक यजमानांनी शत्रूची तीन विमानं पाडली होती. मग एका सकाळी ते उडाले, ते परतलेच नाहीत. ना विमान सापडलं, ना माणूस. तीस वर्षं उलटून गेली, तरी बाईंनी कुंकू पुसलं नव्हतं.

निसार अंबडच्या एका कारखान्यात कॉम्प्युटरवर ड्रॉइंग करायचा. उरल्या वेळात सिम्युलेटरसाठी, म्हणजे घरबसल्या विमान उडवायच्या खेळासाठी, जुनी लढाऊ विमानं बनवायचा. परदेशातले शौकीन त्याची विमानं इंटरनेटवरून उतरवून घेत. आपल्या हातून रिव्हेटची एक ओळही चुकत नाही, असं तो बेलाशक सांगायचा, आणि ते खरंही होतं. बाईंकडचे फोटो नेऊन, वर्षभर खपून त्यानं गायधनींचं नॅट, ते एका खुर्चीचं चिमुकलं लढाऊ विमान, उभं केलं होतं. फक्त वैमानिक बनवला नव्हता. त्या खुर्चीत कुणाला बसवायला त्याचं मन धजेना.

वडाळा रोडवरच्या घरी त्याची बायको खुर्शीदा हिनं बाईंना सरबत दिलं आणि ती स्वयंपाकघरात गेली. निसारनं खोलीचे पडदे ओढले आणि कॉम्प्युटरवर खेळ लावला.

"बघा ताई, ओझरची धावपट्टी. आता उडवतो."

नॅट सुळकन वर गेलं. खाली द्राक्षांचे मळे हिरव्या चौकटींसारखे सरकत होते. बाई पदर तोंडाशी धरून बघत होत्या. विमान बाहेरून कसं दिसतं ते दाखवावं म्हणून निसारनं कळ दाबली.

काचेच्या आत कुणीतरी बसलं होतं.

पांढरं शिरस्त्राण, किंचित उतरता डावा खांदा. निसार पडद्याजवळ वाकला. मग हसला. "खेळातलीच एखादी जुनी फाईल आली असेल. आत्ता काढतो."

"नका काढू," बाई हळूच म्हणाल्या. "लहानपणी हे झाडावरून पडले होते. तो खांदा असाच राहिला..."

त्या खांद्याबद्दल निसारला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं दृश्य पुढून घेतलं, बाजूनं घेतलं. कुठूनही पाहिलं तरी पाठच दिसे. खोलीत रॉकेलसारखा उग्र वास भरत चालला होता. पंखा चालू होता, तरी वास हलेना.

"भाऊ... तो काटा कसला?"

इंधनाचा. निसारनं इंधन कधी संपणार नाही अशी सोय करून ठेवली होती. काटा मात्र झरझर खाली येत होता. त्यानं खेळ थांबवायची कळ दाबली. विमान थांबलं नाही. तारच उपटावी म्हणून तो वाकला, तसा बाईंनी त्याचा हात धरला. बाईंचा हात बर्फासारखा गार होता.

"उतरवा त्यांना. इतकी वर्षं वरच आहेत हो ते... पाया पडते, उतरवा."

निसारनं हात सोडवून घेतला आणि जॉयस्टिक पकडली. "रडू नका ताई. ओझरला मी डोळे मिटून उतरवीन."

एरवी बोटानं हलणारी ती दांडी दोन्ही हातांनी रेटावी लागत होती. पलीकडून कुणीतरी दमलेला माणूस तीच दांडी धरून असावा तशी. काटा तळाला टेकला. इंजिनाचा आवाज बंद पडला. निसारनं विमानाचं नाक धावपट्टीच्या रेषेत धरून ठेवलं. चाकं धावपट्टीला लागली. नॅट घरंगळत गेलं आणि उभं राहिलं.

मग काच वर उचलली गेली. ती उघडेल अशी निसारनं बनवलीच नव्हती. आत खुर्ची रिकामी होती.

बाईंनी डोळे पुसले. त्यांचा चेहरा एकदम तरुण दिसायला लागला होता. "मी रिक्षानं जाते. मला घरी पोचायला हवं आधी."

दिवेलागणीला त्यांचा फोन आला. मागे भांड्यांचा आवाज होता.

"भाऊ, हे आलेत. जेवतायत. पण विमानात खुर्ची एकच असते ना?"

"एकच. का हो?"

"मग यांच्याबरोबर दुसरे कोण आलेत?"

निसारनं मोटरसायकल काढली. म्हातारीच्या मनावर परिणाम झाला, डॉक्टरांना बोलवावं लागेल, असं स्वतःला ठणकावून सांगत तो गंगापूर रोडला पोचला. बाईंनी हसत दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. "निजलेत." आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. तिथून संथ घोरणं ऐकू येत होतं. टेबलावर दोन ताटं होती. एक चाटूनपुसून रिकामं, दुसऱ्याला कुणी हात लावला नव्हता.

"आणि ते दुसरे?"

"गेले की. तुमचा पत्ता विचारत होते. मी सांगितला."

निसारनं तिथूनच घरी फोन लावला. खूप वेळ घंटी वाजत राहिली. मग खुर्शीदाचा आवाज आला, अगदी दबका.

"कुठे आहात? पाहुणे आलेत... उर्दू फार साफ बोलतात. कपड्यांना जळकट वास येतोय. पाणी दिलं, ते नुसतं हातात धरून बसलेत."

"काय म्हणतायत?"

तिनं आवाज आणखी खाली आणला.

"एकच विचारतायत... 'हमारा हवाई जहाज़ कब बनाओगे?'"