पाचवा चेहरा

"धुऊ नकोस हं, अनुपमा. काळी आहेत, तशीच राहू देत."

शारजात समोरच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या कुंदामावशी ऑपरेशनसाठी पुण्याला निघाल्या, तेव्हा होमिओपॅथीच्या गोळ्यांची डबी हातात देत असं म्हणाल्या होत्या. डबीत चांदीची पाच नाणी. इंग्लंडातल्या अँग्लो-सॅक्सन काळातली, तेराशे वर्षांपूर्वीची, करंगळीच्या नखाएवढी. प्रत्येकावर उजवीकडे पाहणारा, टपोऱ्या डोळ्यांचा चेहरा.

"काही बिघडलं, तर मी स्वतः येऊन सांगेन," अनुपमानं देवासमोर शब्द दिला होता.

पण शुक्रवारच्या व्रताला कलशात चांदीचं नाणं हवं, आणि तिचं बँकेच्या लॉकरमध्ये. एकच घेऊ, ती मनाशी म्हणाली. पारोसं नाणं कलशात कसं घालायचं? हातासरशी दंतमंजनानं घासलंच. चेहरा लखलखला. पूजेनंतर तिनं ते डबीत ठेवलं. कुणाला बोलली नाही.

सोमवारी मावशींचा फोन. "शुक्रवारपासून तोंडात दंतमंजनाची चव आहे गं. चहालासुद्धा!"

अनुपमाच्या हातातली पळी ताम्हनात पडली.

"औषधांनी होतं तसं," तिचा नवरा सुरेश बूट चढवत म्हणाला. "यल्ला, चल लवकर, डबा दे. दुबईचा ट्रॅफिक तुझ्या मावशींसाठी थांबणार नाही."

तो गेल्यावर तिनं डबी उघडली. घासलेल्या नाण्यावरचे ओठ गुळगुळीत झाले होते. शुक्रवारी होते. होते ना?

मंगळवारी मावशींची सून ईश्वरी फोनवर म्हणाली, "आईंची वाचाच गेली हो. डॉक्टरांना काही कळत नाहीये."

बुधवारी नाण्यावरचे डोळे नव्हते. डबीला कुणी हात लावला नव्हता. तिनं जपाची माळ घेतली. किती मणी झाले, ते तिसऱ्यांदा चुकलं.

संध्याकाळी पुन्हा ईश्वरी. "आता दिसत नाही, असं खुणांनी सांगतात. डॉक्टर म्हणतात, डोळे तर चांगले आहेत."

गुरुवारी तिनं पुण्याला जायला बॅग भरली.

"आई, इट्स जस्ट अ कॉइन," अस्मी म्हणाली. "व्हाय आर यू क्रायिंग?"

"शब्द दिलाय गं."

निघताना तिनं डबी पाहिली. घासलेलं पाचवं नाणं म्हणजे आता नुसती चकती.

उरलेले चारही चेहरे आता उजवीकडे पाहत नव्हते.

ते चकतीकडे पाहत होते.

तिनं डबी पदरात बांधली आणि खाली येऊन टॅक्सीत बसली. बाटलीतून घोटभर पाणी प्यायली.

पाण्याला दंतमंजनाची चव होती.

तिनं झाकण घट्ट लावलं आणि हळूच म्हटलं, "भैया, एअरपोर्ट."