लिहिलंय तेवढंच

शिडी हलत होती आणि शिडीवरचा माणूस खुशाल गुणगुणत होता.

"अहो, नीट धरा ना," तो वरून म्हणाला.

"धरलीये नीट. तुम्हीच नाचताय वर."

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतला धूर बाहेर फेकणारा पंखा सकाळीच बंद पडला होता. अर्ध्या तासात दुसऱ्या वर्षाची मुलं प्रात्यक्षिकाला येणार होती. तिनं घाईघाईनं वायरमनला निरोप पाठवला, तर हे महाशय हजर! सहा वर्षं ती या कॉलेजात प्रयोगशाळा सहायक होती, पण त्याला तिनं लांबूनच पाहिलं होतं. कधी खांद्यावर वायरचं भेंडोळं घेऊन जाताना, कधी कर्मचारी संघटनेच्या फळ्यावर नोटीस चिकटवताना. आणि ती? काच फुटल्याचा आवाज आला की असेल तिथून धावत यायची, म्हणून मुलांनी तिचं नाव काचताई ठेवलं होतं.

तो वाकला, आणि त्याच्या खिशातून कागदांची गुंडाळी सटकून तिच्या पुढ्यात पडली.

"वाचू नका हं!"

"का? प्रेमपत्र आहे?"

"तेरा पानांचं? एवढं कोण लिहितं?"

"लिहिणारे लिहितात," ती म्हणाली, आणि लगेच तिचे कान गरम झाले.

तो हसला. "आपल्याला कायम करायच्या नव्या कराराचा मसुदा आहे. संघटनेचा चिटणीस आहे मी. चार वेळा वाचलाय. ठीक वाटतोय."

एका हातानं शिडी धरून तिनं पानं उलटली. बाटली उचलताना लेबल वाचायचं आणि ओतायच्या आधी पुन्हा वाचायचं, ही तिची सवयच होती. शेवटच्या पानावरून ती परत पहिल्यावर आली.

"पहिल्या पानावर पाच विभाग आहेत. प्रयोगशाळा, ग्रंथालय, वीज, सफाई, बाग. शेवटी, जिथं 'कायम' हा शब्द येतो, तिथं तीनच आहेत."

गुणगुणणं थांबलं. तो भराभर खाली उतरला. पापण्यांवर धूळ, हातात पाना.

"सफाई आणि बाग… कुठं गेली?"

"तेच तर विचारतेय."

त्यानं कागदाकडे पाहिलं. मग तिच्याकडे. जरा जास्तच वेळ.

"पंखा… पंखा लावून बघा ना," ती म्हणाली. कारण कुठं बघावं, हेच तिला कळेना.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. "तुमचं अक्षर कसं आहे?"

"मुलांना दुरून वाचता येईल इतपत."

"मग संघटनेच्या समितीवर या. आम्हाला डोळे हवेत, आणि अक्षरही."

समिती बसायची ती त्याच्याच खोलीत, दोन बाकं आणि एक मोठा स्विचबोर्ड यांच्यामध्ये. तिथं ग्रंथालयातले काका असत, बागेतले दोघं असत आणि सफाई विभागाच्या मावशी असत. मावशींना कॉलेजात अठरा वर्षं झाली होती. नोकरीच्या पहिल्याच दिवशी काचताईच्या हातून टेस्टट्यूबचा अख्खा ट्रे पडला होता आणि ती रडायला लागली होती. तेव्हा मावशी कुणाला न सांगता झाडू घेऊन आल्या होत्या. "रडून काच गोळा होत नाही, पोरी. तू ते सुपलं धर." ते तिच्या मनातून कधी गेलं नव्हतं.

समितीचं काम वाढलं, तसे प्रयोगशाळेतले बिघाडही वाढले.

"आठवड्यात तिसऱ्यांदा तोच पंखा?" तिनं विचारलं.

"नाजूक आहे तो."

"पंखा?"

"…आणि मीही."

ती पाठ फिरवून ब्युरेटची काचनळी धुवायला लागली. धुतलेलीच ब्युरेट. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, हे नंतर दोघांनाही सांगता आलं नाही.

मग एका शुक्रवारी व्यवस्थापनाचं पत्र आलं. प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि वीज, हे तीन विभाग ताबडतोब कायम. सफाई आणि बाग बाहेरच्या ठेकेदाराकडे. सोमवारी सह्या करा, नाहीतर सगळ्यांनाच पुन्हा अकरा महिन्यांची नेमणूक.

घरी आईनं पत्र दोनदा वाचून घेतलं आणि शिवणयंत्र थांबवलं. "दर साली तुझं नवं पत्र येईपर्यंत मी जीव मुठीत धरून बसते. आता आपणहून देतायत. कर सही."

"आणि मावशी, आई?"

"जगाचा भार तुझ्याच डोक्यावर आहे का?"

शनिवारी ती तडक त्याच्या खोलीत गेली. "तुला काय वाटतं? घ्यावं की नाही?"

"नाही सांगणार."

"चिटणीस ना तू?"

"म्हणून तर. आणि… दुसरंही कारण आहे." तो हातातली टेप उगाच गुंडाळत, सोडत राहिला. "मी सांगितलं आणि तू माझ्याखातर काही केलंस, तर ते मला कायम खात राहील. तुझं तू ठरव."

"भित्रा आहेस!"

"असेन," तो म्हणाला. पण नजर त्यानं चुकवली नाही. चिडून ती निघाली खरी, पण जिन्यावर तिला जाणवलं, आजवर तिचं तिला कुणी काही ठरवू दिलंच नव्हतं.

सोमवारी दुपारी सायकल स्टँडच्या छपराखाली सगळे जमले. त्यानं पत्र वाचलं, एक शब्द इकडचा तिकडे न करता. मग मावशी उठल्या.

"घ्या तुम्ही, पोरांनो. आमचा राग नाही कुणावर."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. तो शांत आवाज काचताईला सोसवेना. ती उभी राहिली.

"मी सकाळी येते तेव्हा प्रयोगशाळेची फरशी कोरडी असते. सिंकमध्ये काचेचा तुकडा नसतो, म्हणून माझे हात शाबूत आहेत. ते कुणामुळे? सहा वर्षं आपण एका गेटमधून आत येतो. उद्या मी घरची आणि मावशी परक्या? असलं कायमपण मला नको. मी सही करणार नाही."

मग ग्रंथालयातल्या काकांनी चष्मा पुसला आणि हात वर केला. "माझीही नाही." मग एक हात, मग दहा, मग मोजायचं कामच उरलं नाही. सगळ्यात शेवटी तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्याचाही हात वर होता, आणि डोळे भरलेले.

"मग काय, संप?" कुणीतरी विचारलं.

"नको, परीक्षा तोंडावर आहे," ती म्हणाली. "आपल्या नेमणूकपत्रात जे लिहिलंय, तेवढंच करायचं. एक काडी इकडे नाही की तिकडे नाही."

आणि मग जे चार दिवस गेले, ते कॉलेजनं कधी पाहिले नव्हते. तिच्या पत्रात लिहिलं होतं: काचसामान धुणे, मोजणे, जागेवर ठेवणे. ते तिनं चोख केलं. द्रावणं बनवणं कुठंच लिहिलेलं नव्हतं. दोन प्राध्यापक फनेल शोधत कपाटं धुंडाळत बसले. काकांनी पुस्तकं दिली-घेतली, पण 'ते निळं, जाडसं, गेल्या वर्षी नेलेलं' पुस्तक ओळखून काढून देणं त्यांच्या पत्रात नव्हतं. वायरमननं दुरुस्त्या केल्या, पण सभागृहात माईक लावला नाही. प्राचार्यांनी घसा फोडून भाषण केलं आणि मागच्या रांगांनी टाळ्या भलत्याच ठिकाणी वाजवल्या. मावशींनी फरशा लख्ख पुसल्या. पण कुणाची किल्ली हरवली, कुणाला चक्कर आली, कुणाचं पाकीट सापडलं… जो तो मावशींना हाक मारी, आणि मावशी अदबीनं म्हणत, "लिहिलेलं नाही, सर."

पाचव्या दिवशी प्राचार्य स्वतः प्रयोगशाळेत आले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी वर्षानुवर्षं कधी खाली वाकून पाहिलं नव्हतं, एवढंच. ओल्या काचसामानाच्या रांगा त्यांनी एकेक करून पाहिल्या.

"एवढं सगळं तुम्ही लोक करता, मला ठाऊकच नव्हतं."

"कुणी लिहिलंच नव्हतं, सर."

ते थोडं हसले, थोडे ओशाळले. "मग लिहा. मी व्यवस्थापनापुढं ठेवतो."

तिनं लिहिलं. पाचही विभाग, प्रत्येकाचं खरं काम, सुवाच्य अक्षरात. वाटाघाटी तीन आठवडे चालल्या. ती त्याच्या शेजारी बसायची, आणि समोरचे वकील काहीतरी गुळमुळीत बोलले की दोघांची पेन्सिल एकाच ओळीवर थांबायची.

सह्यांच्या दिवशी सभागृह भरून गेलं. पहिली सही मावशींची, असं समितीनं ठरवलं होतं. मावशी खुर्चीवर बसल्या, चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून वाचायला लागल्या. एकेक शब्द, ओठ हलवत. व्यवस्थापनाचे साहेब घड्याळ बघू लागले.

"मावशी, सगळं नीट आहे हो," कुणीतरी कुजबुजलं.

"असू दे. अठरा वर्षं मी थांबले. साहेब थांबतील थोडं."

साहेब थांबले. सगळं सभागृह थांबलं. पाठीमागं उभ्या असलेल्या सफाईच्या बाया ताठ झाल्या, माळीबुवांनी छाती पुढं काढली. शेवटच्या पानावर 'कायम' या शब्दाशी मावशींचं बोट आलं. खाली पाच नावं होती. त्यांनी ती पाचही वाचली, मोठ्यानं. आणि मग सही केली. टाळ्यांनी छप्पर उडायचं बाकी राहिलं. एवढा अभिमान काचताईला स्वतःच्या निकालाच्या दिवशीही वाटला नव्हता.

ती मोकळा श्वास घ्यायला पायऱ्यांवर आली, तर तो तिथंच उभा होता.

"ते दुसरं कारण… आता सांगू?" त्यानं विचारलं.

"सांग."

"मला तू आवडतेस. खूप. तू त्या दिवशी बोलायला उभी राहिलीस ना… मला वाटलं, ही माझी असती तर मी गावभर सांगत सुटलो असतो."

वाऱ्यानं तिची बट गालावर आली, तिनं ती मागं सारली, ती पुन्हा आली.

"मग सांग की," ती हळूच म्हणाली.

"काय?"

"गावभर."

त्याला कळायला क्षणभर लागला. मग त्याचा चेहरा असा काही उजळला, की तिला हसूच फुटलं.

"पण आधी आईला. ती बघ, दाराशी."

आई खरंच आली होती, ठेवणीतली साडी नेसून. सही नाकारल्यापासून महिनाभर अबोला होता, पण मघाशी तिला टाळ्या वाजवताना लेकीनं पाहिलं होतं. हात दुखेपर्यंत वाजवत होती. वकिलांसमोर न डगमगणारा चिटणीस आता कॉलर सारखी करू लागला. लेकीनं सरळ त्याचा हात धरला आणि सगळ्यांदेखत पायऱ्या चढली.

"आई, हा आज आपल्याकडे जेवायला येतोय."

आईनं त्याच्याकडे पाहिलं, धरलेल्या हातांकडे पाहिलं, मग लेकीकडे. आणि ती हसली.

"मग उभे काय राहिलात?" ती म्हणाली. "चला."