शेवटचा खण

कोशाच्या कचेरीत माणसं दोनच, संपादिका आणि मास्तर. कथा-कादंबऱ्यांतल्या, चार किंवा त्याहून जास्त मितींत वावरणाऱ्या जीवांची वर्गवारी करायची, हे त्यांचं काम. संपादिका पुस्तकं वाचून कार्डं टाइप करायची. मास्तर निवृत्त गणितशिक्षक. जीव कितव्या मितीतला ते ठरवून ते कार्ड त्या-त्या खणात ठेवायचे. अकरा वर्षं दोघांचं सूत जमलं होतं.

एका सकाळी 'मिती ठरत नाही' अशी चिठ्ठी लावलेल्या शेवटच्या खणात तिला एक अनोळखी कार्ड सापडलं. पुस्तकाचं नाव नाही, पान नाही. नुसतं एवढंच: 'बंद वस्तूच्या आत पाहतो. उघडावी लागत नाही.'

"मास्तर, हे कुठल्या पुस्तकातलं?"

"मी नाही ठेवलं." त्यांनी चष्मा पुसला. "पण आहे बरोबर. कागदावर काढलेल्या गोलाला वाटतं, आपण चहूबाजूंनी बंद आहोत. वरून आपल्याला त्याचं पोट दिसतंच की. तसंच चौथ्या मितीतून कुणाला आपलं दिसेल."

दुसऱ्या दिवशी तिथे दुसरं कार्ड होतं. 'कपाटातला पत्र्याचा डबा. सात पत्रं. सातवं पाठवलेलं नाही. तळाशी एक दुधाचा दात.'

डबा तिच्याच घरातला होता. नवऱ्याला सोडण्याआधी लिहिलेलं ते पत्र तिने सख्ख्या बहिणीलाही दाखवलं नव्हतं. घरी येणंजाणं असलेलं बाहेरचं माणूस एकच. मागच्या महिन्यात ती चहा टाकायला आत गेली, तेव्हा मास्तर खोलीत एकटेच होते.

"माझं कपाट उघडलंत तुम्ही?"

मास्तर बघतच राहिले. "बाई, अकरा वर्षांनी हे विचारता?" त्यांना खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर त्यांनी कचेरीची किल्ली टेबलावर ठेवली आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्याही दिवशी नाही.

आता दोन्ही किल्ल्या तिच्याकडेच होत्या. संशयाचा एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा म्हणून संध्याकाळी तिने शेवटच्या खणात एक अंडं ठेवलं आणि कचेरीला कुलूप लावलं. अंड्याच्या आत काय आहे, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

सकाळी कार्ड होतं. 'दोन बलक होते.'

होते?

अंड्याला कुठेही चीर नव्हती. तिने ते बशीत फोडलं. आत नुसतं पांढरं. बलक एकही नाही.

त्या कार्डाखाली आणखी एक होतं. 'शिक्षक. डाव्या फुफ्फुसात गाठ. सुपारीएवढी.'

ती तशीच धावत मास्तरांच्या घरी गेली. दाराला कुलूप. "दवाखान्यात गेलेत," शेजारीण म्हणाली.

मास्तर तपासणीच्या खोलीबाहेर बाकावर बसले होते.

"चुकलं माझं, मास्तर."

"असू द्या हो." ते सरकून बसले. "परवा छातीच्या फोटोत गाठ दिसली. आज पुन्हा काढायला लावलाय."

डॉक्टरीणबाईंनी दोघांनाही आत बोलावलं. दोन्ही फोटो उजेडाच्या काचेवर लावले होते.

"हा परवाचा. गाठ डावीकडे. हा आजचा." त्यांनी दुसऱ्या फोटोवर बोट ठेवलं. "गाठ उजवीकडे. मला वाटलं, फोटो उलटा लावलाय. पण हृदय जागच्या जागी आहे."

तिने मास्तरांचा हात धरला.

"आणि हे." डॉक्टरीणबाईंनी गाठीशेजारच्या पांढऱ्या ठिपक्यावर पेन टेकवलं. "हा दात आहे. दुधाचा."